मिरचीचा डबा आणि विलायतेचे तिघे

माझे भाऊजी रुपराव गजभिये यांच्या बैठकीत भिंतीवर सगळ्यात वर तथागत आहेत, शेजारी बाबासाहेब आहेत, आणि तिथून बरंच खाली, दाराच्या कडीच्या उंचीवर, तीन गोरे आहेत. केस खांद्यापर्यंत, हातात गिटार. नवा पाहुणा आला की वर बघून हात जोडतो, मग त्याची नजर खाली घसरते आणि जोडलेल्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नाही. काहीजण घाईघाईने त्या तिघांनाही नमस्कार करून टाकतात. भाऊजी तो मान हलवून स्वीकारतात.

मी शोभा. रुपरावांची बायको अंजना ही माझी सख्खी मोठी बहीण. प्रताप नगरात आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आहे आणि तीही पातळ. त्यामुळे या माणसाबद्दल बोलायचा हक्क मला इतरांपेक्षा जास्त आहे. इतरांनी त्यांना स्टेजवर पाहिलंय, मी भिंतीतून भोगलंय.

भाऊजी रेल्वेत फिटर होते, अजनीला. तरुणपणी कॉलनीत विल्सन नावाचे एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे. ते बायकापोरांसकट ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा सामान वाटून टाकलं. सोफा एकाने नेला, कपाट दुसऱ्याने. भाऊजी पोचेपर्यंत एक बेस गिटार आणि कॅसेटींचा खोका एवढंच उरलं होतं. उशिरा पोचायची त्यांची सवय जुनी आहे. त्या दिवशी वेळेवर गेले असते तर माझ्या बहिणीला सोफा मिळाला असता आणि मला दुपारची झोप.

त्या खोक्यात हे तिघे होते. क्रिस स्क्वायर, जॉन वेटन आणि ग्रेग लेक. विलायतेत पन्नासेक वर्षांपूर्वी काही पोरांना साधी गाणी पुरेनाशी झाली, म्हणून त्यांनी इतकी लांब गाणी केली की एक सुरू झालं की वरण शिजून फोडणीला येतं तरी संपत नाही. त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. हे मला माहीत आहे कारण मला सांगितलं गेलंय, माझ्या लग्नात, माझ्या बाळंतपणात, आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे माझं तोंड उघडं असताना.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची. गाण्याच्या बुडाशी जी घुमघुम असते ना, जी आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, ती. भाऊजींचं म्हणणं असं की या तिघांनी ती बुडातून उचलली आणि पुढे आणून उभी केली.

"शोभाताई, बाकीचे बेसवाले गाण्याच्या मांगं मांगं चालतात," ते मला सांगायचे. "हा स्क्वायर गाण्याच्या बाजूनं चालते. मधीच गल्लीत घुसते, चक्कर मारून येते, अन् बरोब्बर चौकात भेटते."

"अन् हा दुसरा?"

"वेटन? तो तं रस्ताच खोदून ठेवते. अन् हा लेक गाते बी अन् वाजवते बी. एका वेळी. करून पाहा बरं तुम्ही."

मी कशाला करून पाहू? पण हा माणूस बोलताना इतका खूश दिसायचा की त्याला थांबवणं माझ्यासारखीच्याही जिवावर यायचं, आणि माझी जीभ कशी आहे ते गल्लीला विचारा.

दोन हजार पंधरा साली उन्हाळा संपता संपता स्क्वायर वारले. भाऊजींनी कामावर सांगितलं, घरचं माणूस गेलं, आणि रजा टाकून बैठकीत सतरंजीवर येऊन बसले. न जेवता. बातमी आमच्या गल्लीत जशी पसरते तशी पसरली. दुपारी विहाराचे नत्थूजी पाचसहा बायामाणसांना घेऊन आले, पिठलं-भाकरीचा डबा घेऊन, कारण दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही. आत आले तर स्वयंपाकघरातून लसणाची खमंग फोडणी. अंजनाने झुणका टाकला होता. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. घरात माणूस गेलं आणि हिने फोडणी दिली!

नत्थूजी भाऊजींजवळ बसले. पाठीवर हात ठेवला. "कोण होते गा?"

"क्रिस स्क्वायर."

"कोणत्या गावचे?"

"लंडनचे. वारले अमेरिकेत."

"नातं?"

"गुरू होते माहे."

नत्थूजींनी जरा विचार केला. "भेट झाली होती कधी?"

"नाही."

"मंग काय झालं? आपल्याले जे गुरू भेटले, त्याईले तरी आपण कुठी भेटलो?" असं म्हणून ते उठले आणि सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं केलं. मीही उभी राहिले. समोरच्या घरातल्या एका बाईने तर डोळे पुसले. जाताना ती अंजनाच्या कानात म्हणाली, "सांभाळा वं स्वतःले. लय दूरचे होते, पण जवळचे होते वाटते." माझ्या बहिणीने तिच्या हातात झुणक्याची वाटी दिली, दुसरं काय देणार?

तर असा माणूस. आणि हा माणूस वाजवायचा कुठे? तर भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात. आधी दुसऱ्यांच्या पार्ट्यांमध्ये, आणि गेली काही वर्षं माझ्या पोराच्या, बंटीच्या. बंटी कीबोर्ड वाजवतो, मिक्सरही स्वतःच सांभाळतो, आणि स्वतःला मोठा मालक समजतो. तसा गुणी आहे, पण मालक झाल्यापासून जेवताना फोन ठेवत नाही.

प्रत्येक कार्यक्रमानंतर भाऊजींचा एक ठरलेला प्रकार. घरी यायचं, गिटार कोपऱ्यात टेकवायची, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात अंजनाजवळ पाट ओढून बसायचं आणि विचारायचं, "ऐकू आलं का?"

"काय?"

"माहं वाजवलेलं."

"नाई बाप्पा. ढोलक ऐकू आली. बाया गाणं म्हणत होत्या, त्या ऐकू आल्या. तुमचं काई ऐकू नाही आलं."

मग भाऊजी तिला समजावत बसायचे. कोणत्या कडव्यात ते कुठून कुठे गेले, तिथे स्क्वायर असता तर काय केलं असतं. ती भाकरी थापत हूं हूं करायची. पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तेच. "ऐकू आलं का?" "नाई बाप्पा." लग्न झाल्यापासून हे चालू आहे. मला वाटायचं, एकदा खोटं तरी हो म्हणावं बाईने! माझं डोकं फिरायचं. पण नवराबायकोच्या मध्ये कोण पडणार? मी पडले असते, पण मला कोणी विचारलं नाही.

भाऊजी निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरीच वाजवतात. बैठकीत त्यांनी जाड तार छेडली की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे सगळे स्टीलचे डबे थरथरतात. डाळीचा वेगळा, साखरेचा वेगळा, पोह्याचा तर पत्र्यासारखा. अंजना वैतागली आणि एका दुपारी आम्ही दोघींनी जुनी साडी फाडून घड्या केल्या आणि एकेका डब्याखाली सरकवल्या. सगळे गप्प झाले. एकच राहिला, भिवापूरच्या मिरचीचा. साडी उरली होती, तरी तो तसाच. मी म्हटलं, "ताई, हा?" ती म्हणाली, "राहू दे, मंग पाहू." तो मेला अजूनही खडखडतो. माझ्या भिंतीपर्यंत येतो तो आवाज.

यंदा जयंतीच्या आधी बंटीने बॉम्ब टाकला. माझ्याकडे जेवत होता, तोंडात घास, हातात फोन.

"आई, मावसाजीले सांगून टाकलं मी. आता बेस कीबोर्डमधीच येते. येगळा माणूस कायले पाहिजे? अन् हे गाण्यात मधीच कुठंबी फिरायले जातात. माणसं नाचून राहिली असतात अन् यायचं लंडन चालू!"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "मंग? काय म्हणले ते?"

"पैज लावली त्याईनं. जयंतीच्या प्रोग्रामात एका गाण्यात मी त्यायचा आवाज बंद करीन अन् माह्या कीबोर्डचा बेस लावीन. कोणतं गाणं ते सांगणार नाही. समोरच्या एकानं जरी ओळखलं तं मावसाजी पार्टीत. नाई तं ते गिटार माळ्यावर टाकून देतात. अन् मोठ्या आईले सांगू नको, तसं ठरलं आहे."

मी तडक भिंतीपलीकडे. त्याची मोठी आई, म्हणजे अंजना, बाजारात गेली होती. भाऊजी बैठकीत एकटेच, मांडीवर गिटार.

"भाऊजी, पागल झाले का? कोण ओळखन? तुमच्या बायकोले अजून ऐकू आलं नाही!"

ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "म्हणूनच तं, शोभाताई. इतकी वर्षं वाजवून राहिलो. एकाले बी ऐकू येत नसन, तं मंग मी वाजवून राहिलो का नुसता पकडून उभा आहो? एकदाचं समजू दे."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, ठीक आहे. पोरगा माझा, पैज त्याची, पण मोडायची कशी ते मी बघते. एकाने ओळखायचं आहे ना? मी ओळखेन! आता मला बेस ऐकू येत नाही ही एक लहानशी अडचण होती.

जयंतीच्या संध्याकाळी विहाराच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. एप्रिलचं नागपूर, ऊन उतरलं तरी जमीन तापलेली, निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, आणि एका बाजूला भोजनदान. मसालेभात, बुंदी, मठ्ठा. नत्थूजींचा प्लास्टिकवर राग, म्हणून विहाराच्या स्टीलच्या थाळ्या, धुऊन धुऊन परत वाढायला. त्या थाळ्यांच्या उंच चवडी आणि त्यांची मालकीण म्हणून माझी बहीण. मांडव लहान पडला म्हणून तिचं टेबल बंटीच्या मोठ्या साऊंड बॉक्सला अगदी खेटून लागलं होतं.

मी पहिल्या रांगेत. भाऊजी स्टेजवर मागे, निळा शर्ट, इस्त्री केलेला. स्क्वायर म्हणे चांगला उंचापुरा माणूस होता. आमचे भाऊजी गिटार गळ्यात घातली की निम्मे दिसतात.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. मी बंटीच्या हाताकडे डोळे लावून बसले होते. तिसऱ्या गाण्यात त्याचा डावा हात मिक्सरकडे गेला आणि मी उभी राहून ओरडले, "बंद झाला! बेस बंद झाला!"

गाणं थांबलं. सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. बंटी माईकवर म्हणाला, "आई, मी पाण्याची बाटली उचलली." भाऊजींनी एक तार छेडली, धूम्म करून. आवाज चांगला चालू होता. माझ्या मागची पोरं हसून हसून खुर्चीवरून पडली. मी खाली बसले आणि पदराने वारा घ्यायला लागले, जशी काही उन्हानेच तोंड लाल झालंय.

बंटीला जोर चढला. पुढचं गाणं मोठं, सगळ्यांचं पाठ असलेलं. ढोलक सुटली, बाया उठून नाचायला लागल्या, टाळ्यांनी मैदान भरून गेलं. आणि त्यात मला भाऊजींचा चेहरा दिसला. बोटं चालत होती, पण ते गिटारकडे बघत नव्हते, लोकांकडे बघत होते, एकेका तोंडाकडे. त्यांचा आवाज बंद झाला होता. त्यांना कळलं होतं आणि आता मलाही, पण माझं आता कोण ऐकणार? एकदा ओरडून मी माझी किंमत घालवून बसले होते. कडवं संपलं. लोक नाचतच होते, कोणी मान वर केली नाही. भाऊजींची बोटं हळू झाली. मग त्यांनी हात खाली सोडला.

तेवढ्यात बाजूने माझी बहीण आली. हातात मठ्ठ्याची पळी, पदर खोचलेला, नाचणाऱ्या बायांना दोन्ही बाजूंना सारत, सरळ स्टेजच्या पायऱ्या चढून बंटीसमोर. माईक चालू होता म्हणून सगळ्या प्रताप नगरने ऐकलं.

"काऊन रे बंट्या," ती भाऊजींकडे हात करून म्हणाली, "यायचं बंद करून कोणाचं लावलं?"

ढोलकवाला थांबला. बंटीचं तोंड उघडं. "मोठी आई, तुमाले ऐकू आलं?"

"ऐकू कायले येते? माह्या थाळ्या सांगून राहिल्या! इतका वेळ कशा वाजत होत्या, थांबत होत्या, पळत होत्या. अन् आता नुसत्या धप धप धप. हे यायचं वाजवणं नोहे. हे असे एका जागी उभे राहतच नाहीत." मग पळी रोखून, "चालू कर आधी. यायचा चालू कर!"

बंटीने केला. करणार नाही तर काय? पळीतून मठ्ठा त्याच्या कीबोर्डवर ठिबकत होता. भाऊजी बावरून उभे होते. नत्थूजी समोरून ओरडले, "वाजव गा, रुपराव!" आणि भाऊजींनी जे सुरू केलं ते मला काही कळलं नाही, पण अंजना परत आपल्या टेबलाशी जाऊन उभी राहिली, थाळ्यांच्या चवडीवर हात सपाट ठेवून, आणि गाणं संपेपर्यंत तिने कोणाला जेवण वाढलं नाही. रांगेतले लोक बोंबलत होते.

बंटीने पैज मान्य केली. माझ्या ओरडण्याबद्दल मात्र तो अजून घरी येईल त्याला सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम साडीची एक घडी घेऊन अंजनाच्या स्वयंपाकघरात गेले. मिरचीचा डबा उचलला आणि खाली घडी सरकवणार, तोच तिने माझा हात धरला.

"ठेव तो. हात नको लावू."

"काहून? इतक्या दिवसांचा खडखडून राहिला."

ती चुलीकडे बघत म्हणाली, "तोच तं एक ठेवला आहे मी. यायचं सगळं त्याच्यातून समजते मले. काल दुसऱ्या कडव्यात चुकले हे. तिथी डबा दोनदा वाजते रोज. काल थाळी एकदाच वाजली."

मी घडी ओट्यावर आपटली. "ताई, अन् इतकी वर्षं तू त्याईले 'नाई बाप्पा' म्हणून राहिली? तो माणूस काल गिटार माळ्यावर टाकणार होता! एकदा हो म्हटलं असतं तं काय झालं असतं तुले?"

"हो म्हटलं असतं तं संपलंच असतं ना," ती म्हणाली. "मंग कायले आले असते पाट घेऊन माह्याजवळ? सगळं सांगत कायले बसले असते?" तिने कणकेचा गोळा दाबला. "पण हे माळ्याचं मले कोणी सांगितलं नाही. सांगाले पाहिजे होतं, शोभे."

याला काय म्हणायचं ते सांगायला मी तोंड उघडलं. माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं, विशेषतः खोटं बोलणाऱ्या मोठ्या बहिणींबद्दल. तेवढ्यात बैठकीत भाऊजींनी गिटार उचलली. मांडणीवर मिरचीचा डबा थरथरला, थांबला, मग जरा पळाला.

अंजनाचे हात कणकेत थांबले.

"चूप बस वं जराशी," ती म्हणाली. "ऐकून राहिली मी."